पन्नास मीटर कुठून आणायचे?

फटाक्यांच्या तात्पुरत्या दुकानांसाठी २००८ च्या स्फोटक नियमांत स्पष्ट अटी आहेत. दुकान न पेटणाऱ्या साहित्याचे हवे, शेजारच्या दुकानापासून किमान ३ मीटर आणि घर, शाळा, रुग्णालय अशा वास्तूंपासून ५० मीटर लांब हवे. दुकानांची तोंडे समोरासमोर नकोत, एका जागी पन्नासच्या वर दुकाने नकोत. या अटी घेऊन मुंबईच्या लालबागमध्ये भारतमाता सिनेमापासून गणेश गल्लीपर्यंत चालून पाहा. खालून हाक मारली की समोरच्या चाळीतून ‘ओ’ येते, अशा वस्तीत पन्नास मीटर आणायचे कुठून?

हा नियम केंद्राचा. स्फोटके हा विषयच राज्यघटनेने केंद्राच्या सूचीत ठेवला आहे आणि मूळ कायदा १८८४ चा, इंग्रजांच्या काळातला. अमेरिकेत मात्र राज्यागणिक कायदा वेगळा. मॅसॅच्युसेट्समध्ये सामान्य माणसाला फुलबाजीसुद्धा चालत नाही. ओहायोत फटाके विकत मिळत, पण ते ४८ तासांत राज्याबाहेर नेऊ असे लिहून द्यावे लागे! २०२२ मध्ये ही गंमत संपली आणि फटाके उडवायला मोकळीक मिळालेल्या सणांच्या यादीत चक्क दिवाळी आली.

आपल्याकडे बदल होतात ते न्यायालयाच्या निकालांतून, पोलिसांच्या मनाई आदेशांतून आणि पालिकेच्या परिपत्रकांतून. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये रात्री १० ते सकाळी ६ आवाजी फटाक्यांना बंदी घातली. २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालाने दिवाळीत रात्री ८ ते १० एवढीच मुभा ठेवली, बेरियमचे क्षार, फटाक्यांच्या माळा आणि ऑनलाइन विक्री बंद केली. करोनाच्या २०२० सालात मुंबई पालिकेने लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सोसायटीच्या आवारात फुलबाजी, अनार एवढ्यावर भागवायला सांगितले. २०२३ मध्ये हवा बिघडली तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबरला ७ ते १० ही वेळ दिली आणि १० नोव्हेंबरला ती ८ ते १० वर आणली. चार दिवसांत एक तास गळाला. विकणाऱ्याचा माल तोवर भरलेला होता.

 

वाद नेहमी वेळेचा आणि आवाजाचा होतो. माझ्या मते दाट वस्तीत विक्रीची जागा हा त्याहून मोठा प्रश्न आहे. २९ ऑक्टोबर २०१६ ला औरंगाबादच्या जिल्हा परिषद मैदानावर फटाक्यांचा बाजार पेटला आणि शंभरावर स्टॉल जळाले. तिथे निदान मैदान होते. गल्लीत तीच ठिणगी पडली तर अग्निशमनाचा बंब आत शिरायलाच झगडेल.

तेव्हा पालिकेने लालबाग-परळमधल्या विक्रेत्यांना दिवाळीपुरते एखादे मैदान नेमून द्यावे. आणि आपण फटाके घेताना भावाआधी परवाना विचारावा.