कंपनीतले वर्ष : शिक्षण की मजुरी?

गेल्या दिवाळीनंतरच्या एका रविवारची गोष्ट. वस्तीतील विहारात मी नेहमीप्रमाणे मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज तपासत बसलो होतो. पांढरकवड्याच्या जिनिंगमध्ये हमाली करणारे एक गृहस्थ आले आणि खिशातून घडी घातलेला कागद काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. त्यांची मुलगी नागपूरला इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला. शाखा आर्टिफिशियल इंटेलिजन्स, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. कागद पुण्याच्या एका कंपनीचा होता. शेवटचे सहा महिने कंपनीत राहून काम शिकावे, असे त्यात लिहिले होते.

"भाऊ, हे का हाय? पोरगी शिकून राह्यली का काम करून राह्यली? कंपनीतच पाठवाची होती तर मंग कालेजात घातली कायले?"

प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. ज्या घरात एक माणूस कमावतो आणि पाच माणसे खातात, त्या घराने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. म्हणून त्याचे उत्तर सर्वच पालकांसाठी येथे देत आहे.

यंत्राला शिकवायचे म्हणजे काय?

आपल्या केळापूर तालुक्याचे पीक कापूस. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने पऱ्हाटी खाल्ली, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजुरांचे बळी घेतले. फवारणी केव्हा करावी, याचा एक हिशेब आहे. शेतात कामगंध सापळा लावायचा. सलग तीन रात्री सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग सापडले, तर उपाय करायचा. नाहीतर विनाकारण विष फवारायचे नाही. पण रोज पतंग मोजणार कोण? मुंबईच्या 'वाधवानी एआय' या संस्थेने त्यासाठी मोबाईलवरील साधन तयार केले. सापळ्यातील पतंगांचा फोटो काढला की संगणक ते मोजतो आणि सल्ला देतो.

संगणकाला पतंग कसा ओळखू येतो? त्याला असंख्य फोटो दाखवावे लागतात. हा पतंग, हा दुसराच किडा, हा नुसता कचरा, असे माणसाने आधी खूण करून सांगावे लागते. त्यातून यंत्र स्वतः ठोकताळे बांधते. यामागचे गणित कॉलेजात शिकवतात. परंतु धुळीने माखलेला सापळा, स्वस्त मोबाईलचा पुसट कॅमेरा, शेतात न मिळणारे नेटवर्क या अडचणी फळ्यावर दिसत नाहीत. त्या प्रत्यक्ष कामातच भेटतात. कंपनीतला काळ अभ्यासक्रमात धरला जातो तो यासाठीच. हा कॉलेजला दिलेला दांडा नव्हे. त्याचे मूल्यमापन होते आणि गुण मिळतात.

ही पद्धत नवी नाही

अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर या प्राध्यापकाने १९०६ साली २७ विद्यार्थ्यांना घेऊन ही पद्धत सुरू केली. काही दिवस वर्गात, काही दिवस कारखान्यात. इंग्लंडमध्ये तिला सँडविच कोर्स म्हणतात. तेथे तीन वर्षांची पदवी चार वर्षांची होते आणि मधले एक पूर्ण वर्ष कंपनीत जाते. आज तेथील अनेक विद्यापीठे कृत्रिम बुद्धिमत्तेची पदवी याच रीतीने देतात.

आपल्याकडेही पुणे विद्यापीठाची 'प्रॉडक्शन सँडविच' ही पदवी जुन्या मंडळींना आठवत असेल. पिलानीच्या बिट्स संस्थेने १९७३ पासून 'प्रॅक्टिस स्कूल' या नावाने विद्यार्थ्यांना कारखान्यांत पाठवण्यास प्रारंभ केला. मात्र आपल्या देशात पूर्ण वर्ष क्वचितच मिळते; बहुतेक ठिकाणी एक सत्र, म्हणजे सहा महिने असतात.

आणि ही विद्या फार दूरही नाही. आपल्या दारावरून जो नागपूर-हैदराबाद महामार्ग जातो, त्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या आयआयटी हैदराबादने २०१९ साली कृत्रिम बुद्धिमत्तेची बी.टेक. पदवी सुरू केली. त्या वेळी जागा फक्त वीस होत्या. आयआयटीत अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना शिक्षण शुल्क माफ आहे. अमरावती विद्यापीठाच्या काही महाविद्यालयांतही आता ही शाखा निघाली आहे. येथून रोज ट्रक जाताना आपण पाहतो. आपली मुलेही या रस्त्याने जाऊ शकतात.

प्रवेशापूर्वी विचारा

शाखेचे नाव मोठे आहे म्हणून अंगठा देऊ नका. कॉलेजात जाऊन चार प्रश्न विचारा. कंपनीतला काळ सक्तीचा की ऐच्छिक? जागा कॉलेज मिळवून देते की मुलाने स्वतः शोधायची? मागच्या वर्षी किती मुलांना मिळाली? स्टायपेंड मिळतो की नाही?

दुसरी गोष्ट. इंटर्नशिप आणि अॅप्रेंटिसशिप हे शब्द एक नव्हेत. अॅप्रेंटिसला १९६१ च्या कायद्याचा आधार आहे; करार होतो आणि किमान विद्यावेतन द्यावेच लागते. साध्या इंटर्नला तशी हमी नसते. आणि जो इंटर्नशिपसाठी उलट तुमच्याकडूनच पैसे मागतो, त्याच्या दारात उभे राहू नका. अशा एका जाहिरातीपायी आमच्याच वस्तीतील एका मुलाने आठ हजार रुपये घालवले. हाती आले ते नुसते रंगीत प्रमाणपत्र.

तिसरी गोष्ट ओळखीची. मोठ्या घरच्या मुलांना काका-मामांच्या कंपन्या असतात. आपल्या मुलांना मामा असतो तो मजुरी करणारा. म्हणून तयारी पहिल्या वर्षापासूनच हवी. सरकारच्या स्वयम् आणि एनपीटीईएल या उपक्रमांतून आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने मोबाईलवर फुकट ऐकता येतात. परीक्षा द्यायची असेल तरच फी लागते. स्वतः केलेले एखादे लहान काम दाखवता आले, तर आडनावापेक्षा ते काम आधी बोलते.

परदेशाचे स्वप्न पाहणाऱ्यांसाठीही एक सूचना. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी आहे, पण ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी. तेव्हा पदवी येथे घ्यावी आणि पुढचा विचार मग करावा.

हिशेब आधी मांडा

मी बी.कॉम. झालेला कारकून. माझे सगळे शेवटी जमाखर्चावर येते. त्या रविवारी आम्ही दोघांनी कागदावर आकडे मांडले. शिष्यवृत्तीतून फी भागत होती. वसतिगृह न मिळाल्याने स्वाधार योजनेचा आधार होता. नागपूरसाठी ती वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळते, पण हप्त्याने. पुण्यातील खोलीचे डिपॉझिट, गाडीभाडे, पहिल्या महिन्याची खानावळ, धड कपड्यांचे दोन जोड मिळून तेवीस हजार रुपये होत होते. स्टायपेंड होता, परंतु तो महिना भरल्यावर. म्हणजे मुलीची सहा महिन्यांची संधी एका महिन्याच्या तेवीस हजारांपाशी अडली होती!

पैशासाठी शिक्षण अडणे आपल्याला नवीन नाही. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. त्यांनी सिडनहॅम कॉलेजात नोकरी केली, पैसे साठवले, मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेतले, आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. उसने घेण्यात त्यांनी कमीपणा मानला नाही.

वस्तीतील सहा घरांनी मिळून ते तेवीस हजार उभे केले. दान म्हणून नव्हे, उसने म्हणून. वहीत नोंद करून. जानेवारीत मुलगी पुण्याला गेली. तिला काम मिळाले ते हाताने लिहिलेले मराठी अर्ज संगणकाला वाचायला शिकवण्याचे. पहिला महिनाभर ती फक्त अक्षरे वेगळी करीत होती. फोनवर तिने बापाला सांगितले, यंत्राला 'ळ' नीट ओळखू येत नाही; आपल्या केळापूरला ते 'केलापूर' वाचते. मग तिने वेगवेगळ्या हातचे हजारो 'ळ' जमवून त्याला दाखवले.

बाप मला म्हणाला, "म्हंजे कापूस निवडल्यावानीच हाय, भाऊ. चांगला इकडं, कवडी तिकडं." त्याला जे समजले, ते मला चार पाने वाचूनही इतके सोपे सांगता आले नसते.

पाच हप्त्यांत तिने सर्वांचे पैसे फेडले. ते तेवीस हजार आम्ही कुणीही घरी नेले नाहीत. ते त्याच वहीत ठेवले आहेत. पुढच्या मुलाचा कागद येईल तेव्हा लागतील. प्रत्येक वस्तीत अशी एक वही असावी. तिला ठरावाची किंवा पावतीपुस्तकाची गरज नाही. सहा घरे आणि हिशेब ठेवणारा एक माणूस पुरतो.