वाटाड्याशिवाय मुंबई : बोरीबंदर ते गेटवे



आपल्या भागातल्या बचत गटांच्या बाया आता पापड, मसाले, चटण्या घेऊन मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनापर्यंत जातात. दिवसभर स्टॉलवर उभं राहायचं, रात्री हिशेब करायचा आणि प्रदर्शन संपलं की परतीची गाडी धरायची. मुंबई कशी होती, असं घरी कुणी विचारलं तर ‘गर्दी लई होती’ एवढंच सांगता येतं. ‘दाखवायला कुणी नव्हतं,’ हे कारण आम्ही पुष्कळदा ऐकतो. म्हणून आज आपण अशा फिरण्याबद्दल बोलू, ज्याला दाखवणारं कुणी लागत नाही. चार-पाच जणी, पायात सवयीच्या चपला, पाण्याची बाटली आणि कागदावर लिहिलेली सात-आठ ठिकाणांची नावं, एवढ्यावर जुनी मुंबई बघून होते.

जगभर लोक असं फिरतात. जपानात योकोहामा नावाचं बंदर आहे. १९६५ पासून ते मुंबईचं भगिनी शहर आहे. १८५९ साली ते परदेशी व्यापाराला खुलं झालं आणि रेशमावर मोठं झालं. ते रेशीम गावोगावच्या बायकांनी कोषातून उकलून काढलेलं. आपल्याकडं तुती लावून कोष विकणाऱ्या बहिणींना हे काम किती नाजूक असतं ते ठाऊक आहे. आज योकोहामात पाहुणे नकाशा हातात घेऊन बंदराकाठच्या जुन्या वस्तीतून आपापले पायी फिरतात. रेशमाच्या एका व्यापाऱ्यानं उभी केलेली मोठी बाग १९०६ पासून लोकांना खुली आहे, तीही बघतात. योकोहामाचं रेशीम, तसा मुंबईचा कापूस. हे ध्यानात ठेवून निघायचं.

लातूरहून रात्रीच्या रेल्वेत बसलं की सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरतो. जुनी माणसं त्याला बोरीबंदर म्हणतात. १६ एप्रिल १८५३ ला ठाण्याकडं पहिली आगगाडी निघाली ती इथूनच. आजची इमारत नंतरची. १८७८ साली बांधायला घेतली, पुरी व्हायला दहा वर्षं लागली. सामान स्टेशनातल्या क्लोकरूममध्ये ठेवा. बॅगेला कुलूप लागतं आणि रेल्वेचं तिकीट दाखवावं लागतं, म्हणून तिकीट फाडून टाकू नका. तोंड धुणं, चहा, बाथरूम सगळं इथंच उरकून घ्या. पुढं वाटेत सोय शोधावी लागते आणि बायांचं फिरणं अर्ध्यावर मोडतं ते बहुतेकदा याच कारणानं.

बाहेर आल्यावर लगेच चालू लागू नका. भुयारी मार्गानं रस्ता ओलांडा आणि मागं वळून वर बघा. सगळ्यात उंच घुमटावर एक बाई उभी आहे, वर केलेल्या हातात मशाल. ही ‘प्रगती’. फाटकाच्या खांबांवर सिंह आणि वाघ आहेत, सिंह म्हणजे इंग्लंड आणि वाघ म्हणजे हिंदुस्थान. भिंतीवर मोर, माकडं, पानंफुलं कोरली आहेत. ती हुडकत दहा मिनिटं गेली तरी जाऊ द्या. २००४ साली ही इमारत जागतिक वारशाच्या यादीत गेली, पण रोज लाखो माणसं तिच्यातून मान वर न करता जातात.

आता दक्षिणेला, दादाभाई नौरोजी रस्त्यानं चालायचं. कुणालाही ‘हुतात्मा चौक कुठं?’ विचारा. या भागाला फोर्ट, म्हणजे कोट म्हणतात. कोटाच्या भिंती १८६० नंतर पाडल्या, नाव तेवढं राहिलं. इमारतींच्या खालून कमानींची सलग वाट आहे, त्यामुळं ऊन लागत नाही.

हुतात्मा चौकात दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत. एक १८६४ सालचं कारंजं, त्यावर फ्लोरा ही फुलांची रोमन देवता. दुसरं म्हणजे मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार. मुंबईसह महाराष्ट्र व्हावा म्हणून जे गोळ्या खाऊन मेले, त्या शंभरावर माणसांचं हे स्मारक. आपला मराठवाडा १९४८ साली निजामाच्या राजवटीतून सुटला, १९५६ ला मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. तेव्हा इथं उभं राहताना आपण परक्या गावात आहोत असं वाटायचं कारण नाही.

चौकातून डावीकडं वळलं की पाच मिनिटांवर हॉर्निमन सर्कलची गोल बाग लागते. एके काळी हे मोकळं मैदान होतं आणि इथं कापसाचे ढीग पडत. बागेसमोर उंच पायऱ्यांची, जाड खांबांची पांढरी इमारत आहे. हा १८३३ साली पुरा झालेला टाऊन हॉल, त्यात एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहे. दुर्गाबाई भागवत वर्षानुवर्षं इथं येऊन वाचत, लिहीत बसल्या. लोककथांपासून ऋतूंपर्यंत किती विषयांवर त्यांनी लिहिलं, आणि आणीबाणीत बोलल्या म्हणून तुरुंगातही गेल्या. आम्हांला विचाराल तर या सगळ्या वाटेवर मनात धरून जावं असं हेच ठिकाण.

परत हुतात्मा चौकात येऊन आता समोर, पश्चिमेला जायचं. ओव्हल मैदान लागलं की मैदानाच्या कडेनं डावीकडं वळायचं. आधी उच्च न्यायालय लागतं. त्याच्या माथ्यावर न्याय आणि दया, दोन्ही बायांच्याच मूर्ती. एव्हाना ध्यानात आलंच असेल. प्रगती बाई, फ्लोरा बाई, न्याय आणि दया बाया, आणि रस्त्यांच्या, चौकांच्या पाट्यांवर मात्र नावं जवळजवळ सगळी पुरुषांची.

पुढं विद्यापीठाचा मनोरा आहे, त्याला नाव बाईचं आहे. राजाबाई टॉवर. उंची २८० फूट. पैसा दिला कापसाच्या व्यापारात गब्बर झालेल्या प्रेमचंद रायचंद यांनी. ग्रंथालयाला दोन लाख आणि मनोऱ्याला दोन लाख, आणि मनोऱ्याला आईचं नाव. त्याचं असं झालं, १८६१ साली अमेरिकेत आपसांत युद्ध पेटलं आणि तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना. मग गिरणीवाल्यांनी हिंदुस्थानचा कापूस वाटेल त्या भावानं उचलला. वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबई बंदरात आला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. १८६५ ला युद्ध थांबलं, भाव धाडकन कोसळला, बँका बुडाल्या, प्रेमचंदशेठही बुडाले. मनोरा तरीही १८७८ ला पुरा झाला. सोयाबीन असो की कापूस, दूरच्या देशात काहीतरी होतं आणि आपल्या मोंढ्यातला भाव हलतो, हे आपण दरवर्षी बघतो. ते दीडशे वर्षांपूर्वीही असंच चालत होतं. राजाबाईंना डोळ्यांनी दिसत नव्हतं, सूर्यास्ताआधी जेवायचा त्यांचा नेम होता आणि घंटेमुळं त्यांना वेळ कळायची, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो नसो, घड्याळाचे टोले आजही कान देऊन ऐकावेत.

जपानशी धागाही कापसाचाच. १८९३ साली जमशेटजी टाटांच्या साथीनं जपानी कंपनीची मुंबईहून जहाजं सुरू झाली, ती मुख्यतः आपल्याकडचा कापूस तिकडच्या गिरण्यांना पोचवण्यासाठी.

मनोऱ्यापासून काळा घोडा विचारत जा. तिथं आता स्वाराशिवायचा घोडा उभा आहे. पूर्वी त्याच्यावर इंग्रजांचा राजा होता, तो पुतळा १९६५ ला हलवला. जवळच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. त्याला तिकीट आहे आणि निदान दोन तास हवेत, म्हणून घाईत आत शिरू नका. वेगळा दिवस काढता आला तर उत्तम.

तिथून दहा मिनिटांवर समुद्र आणि गेटवे ऑफ इंडिया. १९२४ साली ही कमान खुली झाली, आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला इंग्रजांची शेवटची फौज हिच्यातूनच बोटीकडं गेली. घारापुरीच्या लेण्यांना जाणाऱ्या बोटी इथूनच सुटतात. सोमवारी लेणी बंद असतात.

सगळी वाट मिळून तीन-साडेतीन किलोमीटर. शेताला जाऊन येण्याएवढी. सकाळी आठला निघालात तर बसत-उठत दुपारी जेवणाच्या वेळेला गेटवेला पोचता. रविवारी कचेऱ्या बंद असतात, रस्ते मोकळे मिळतात. कुणी चुकलंच तर भेटायची जागा आधी ठरवा, हुतात्मा चौकातलं कारंजं बरं. वाट विचारायची तर दुकानदाराला किंवा पोलीस बाईंना विचारा. पाय दुखले तर स्टेशनकडं परतायला बेस्टची बस मिळते, आणि क्लोकरूमची पावती मात्र एकीनंच नीट सांभाळायची.