केस आज गळतात, कारण तीन महिने मागे असतं

2024 संपता संपता बुलडाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातून एक विचित्र तक्रार येऊ लागली. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत आधी डोक्याला खाज सुटायची, मग हात लावला की केसांचा पुंजका हातात यायचा आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचं. बायका, पुरुष, शाळकरी मुलं, कुणीच सुटलं नाही. हा पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा, त्यामुळे पहिला संशय पाण्यावर गेला. मग बुरशीवर, शाम्पूवर. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं पथक गावात येऊन नमुने घेऊन गेलं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकर यांनी बोट दाखवलं ते रेशनच्या गव्हाकडे. त्यांच्या तपासणीत गव्हात आणि रुग्णांच्या शरीरात सेलेनियम फार जास्त आणि जस्त कमी आढळलं. या निष्कर्षावर वाद झाले. पण वाद कुठेही जाऊन थांबो, एक खूण पहिल्या दिवसापासून सगळ्यांसमोर होती, ती म्हणजे वेग. वडिलांकडून आलेलं टक्कल तीन दिवसांत पडत नाही. खाऱ्या पाण्याने केस राठ होतात, तुटतात, पण असे मुळासकट हातात येत नाहीत. इतक्या झपाट्याने केस जातात ते वाढत्या केसाच्या मुळावर विषाचा घाला पडला की, कर्करोगावरच्या केमोथेरपीत होतं तसं. चीनच्या हुबेई प्रांतात एन्शी भागात 1960च्या दशकात सेलेनियमने भरलेलं धान्य खाऊन लोकांचे केस आणि नखं गेली होती. शेगाव परिसरातही एप्रिल 2025मध्ये काहींची नखं गळू लागली.

केसगळतीत किती केस गेले यापेक्षा ते कधीपासून आणि कोणत्या वेगाने जाताहेत, हा प्रश्न जास्त मोलाचा आहे, असं माझं म्हणणं आहे. गळतीचं कारण त्यावरूनच कळतं, आणि उपाय कारणावरूनच ठरतो. बाजार मात्र हा प्रश्न कधीच विचारत नाही. त्याच्याकडे प्रत्येक गळतीला एकच बाटली असते. माणसाच्या डोक्यावर साधारण लाखभर केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, दोन-तीन आठवड्यांत वाढ आवरती घेतो, सुमारे तीन महिने नुसता मुळाशी बसून राहतो आणि मग गळतो. त्याच मुळातून नवा उगवतो. रोज पन्नास ते शंभर केस गळणं हा या चक्राचा भाग आहे, आजार नव्हे.

शरीराला जबर धक्का बसला, म्हणजे डेंग्यू, टायफॉइड, कोविड, मोठी शस्त्रक्रिया, बाळंतपण किंवा लग्नाआधी पंधरा किलो उतरवण्याचा अघोरी डाएट, की वाढीला लागलेले पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात. त्या दिवशी काहीच दिसत नाही. गळती सुरू होते दोन-तीन महिन्यांनी, जेव्हा आजारपण विसरलेलंही असतं. अल्बर्ट क्लिगमन या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने 1961मध्ये या प्रकाराला नाव दिलं, टेलोजेन एफ्लुव्हियम. यात मूळ शाबूत राहतं, म्हणून धक्क्याचं कारण संपलं असेल तर बहुतेकांचे केस सहा-आठ महिन्यांत आपोआप भरून येतात. आता घरात काय घडतं ते पाहा. पहिल्या महिन्यात नवा शाम्पू येतो, दुसऱ्यात कांद्याचा रस, तिसऱ्यात शेजारणीने सुचवलेलं जडीबुटीचं तेल, आणि चौथ्यात गळती थांबते. श्रेय तेलाला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, आणि त्यातून एक खात्रीची शिफारस तयार होऊन आणखी दहा घरांत पोचते. ती करणारी बाई खोटं बोलत नसते. तिचे केस खरोखर आलेले असतात, फक्त ते येणारच होते.

यावर कुणी म्हणेल की मग आजी-पणजीचं तेल लावणं सगळं वायाच का? तसं नाही. 2003मध्ये मुंबईतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना प्रसिद्ध केली; केसातली प्रथिनं झिजणं खोबरेलानेच कमी झालं. संशोधक तेल बनवणाऱ्या कंपनीचेच होते हे ध्यानात ठेवूनही निष्कर्ष पटण्याजोगा आहे, कारण खोबरेल केसाच्या आत शिरतं. पण हा फायदा उगवलेल्या केसाला आहे. तो कमी तुटतो. मुळाशी चाललेलं काही त्यामुळे बदलत नाही. कायद्यालाही हा फरक ठाऊक आहे. औषध नियमावलीच्या ‘जे’ अनुसूचीत अशा व्याधींची यादी आहे, ज्या बऱ्या करण्याचा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही, आणि टक्कल त्यात आहे. म्हणून तर जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘तुटल्यामुळे होणारी केसगळती’ असे शब्द असतात. गोळ्यांचा मामला अधिक नाजूक. लोह कमी असेल तर ते द्यायलाच हवं. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते, तेव्हा ही शंका आधी फेडून घ्यावी. पण बायोटिनची खरी कमतरता क्वचितच सापडते, आणि मोठ्या मात्रेतलं बायोटिन रक्ततपासणीचे आकडे चुकवू शकतं, थायरॉइडचेसुद्धा. म्हणजे गळतीचं कारण शोधायला जी तपासणी करायची, तीच गळतीवरची गोळी बिघडवते. सेलेनियमही अशा गोळ्यांत असतं. 2008मध्ये अमेरिकेत एका पूरक आहाराच्या द्रावणात ते लेबलवरच्या प्रमाणाच्या दोनशे पट भरलं गेलं आणि दोनशेहून अधिक लोकांना बाधा झाली. त्यातल्या बहुतेकांचे केस गळले.

वर्षानुवर्षं चालणारी, कपाळाच्या कोपऱ्यांतून मागे सरकणारी किंवा भांग रुंद करत नेणारी विरळता हे वेगळंच प्रकरण. जेम्स हॅमिल्टनने 1942मध्ये दाखवलं की वयात येण्याआधी वृषण गमावलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, पण घराण्यात टक्कल असलेल्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं की पडतं. म्हणजे वारसा आणि संप्रेरक दोन्ही लागतात. पुढे 1974मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या एका गावातल्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यातल्या काही पुरुषांत टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी या संप्रेरकात रूपांतर करणारं एक विकर जन्मतः कमी होतं. त्यांची प्रोस्टेट लहानच राहत होती आणि टक्कलही पडत नव्हतं. याच धाग्यावरून फिनास्टेराइड आलं, 1992मध्ये प्रोस्टेटसाठी आणि 1997मध्ये केसांसाठी. मिनॉक्सिडिल तर मुळात रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर नको तिथे केस उगवू लागले, तेव्हा 1988मध्ये ती डोक्याला लावायचं औषध म्हणून अमेरिकेत मान्य झाली. या दोन औषधांइतका भक्कम पुरावा या क्षेत्रात फार थोड्या उपचारांच्या पाठीशी आहे. स्वतःच्या रक्तातून काढून टोचायच्या पीआरपी या प्लेटलेटयुक्त द्रवाचे अभ्यास लहान आणि एकमेकांशी न जुळणारे आहेत. मिनॉक्सिडिलचा गुण यायला चार-सहा महिने लागतात, आणि पहिल्या काही आठवड्यांत विश्रांतीतले केस ढकलले जाऊन गळती उलट वाढते. कित्येक जण घाबरून औषध सोडतात ते नेमकं तेव्हाच. तेलाला फुकटचं श्रेय देणारं कालगणित इथे खऱ्या औषधाच्या मुळावर येतं.

आक्षेप असा की ही औषधं थांबवली की फायदा ओसरतो, मग जन्मभराची बेडी कशाला? आक्षेप खरा आहे. पण मधुमेहाचं औषधही असंच असतं, फक्त ते सोडण्याची मोकळीक नसते. इथे ती आहे. टक्कल जिवाला घातक नाही, तेव्हा उपचार न घेणं हाही शहाणा निर्णय असू शकतो. शिवाय फिनास्टेराइडने काही थोड्या पुरुषांत कामेच्छा कमी होते, आणि मे 2025मध्ये युरोपीय औषध संस्थेने आत्महत्येचे विचार हा त्याच्या गोळीचा दुष्परिणाम असल्याचं नमूद केलं. गरोदर स्त्रियांना ते वर्ज्यच. हे सगळं सांगून-ऐकून घ्यायचं औषध आहे, मित्राच्या चिठ्ठीवर आणायचं नव्हे. केशरोपणाबद्दलही हेच. मागच्या बाजूचे केस पुढे लावले तरी ते आपला टिकाऊ स्वभाव सोडत नाहीत, हे नॉर्मन ओरेनट्राइखने 1959मध्ये दाखवलं, आणि सारं केशरोपण त्यावर उभं आहे. पण केसांची संख्या त्याने वाढत नाही, नुसती जागा बदलते. आणि पंचविशीत, विरळता अजून सरकत असताना केलं तर मधे बेट उरतं. 2019मध्ये मुंबईत केशरोपणानंतर एका उद्योजकाचा मृत्यू झाला. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022मध्ये स्पष्ट केलं की ही शस्त्रक्रिया कार्यशाळा किंवा यूट्यूब पाहून शिकायची नाही.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो माझ्याच युक्तिवादातून निघतो: पुष्कळशी गळती आपोआप थांबते, तर डॉक्टरकडे जायचंच कशाला? कारण सगळी थांबत नाही. चाईचा गुळगुळीत, नाण्याएवढा चट्टा कित्येकदा स्वतःहून भरतो. 2002मध्ये इराकी डॉक्टरांनी कांद्याच्या रसाचा जो छोटा प्रयोग केला तो याच चाईवर होता. समाजमाध्यमांनी तो परस्पर टकलावर नेऊन लावला. पण चाई पसरत गेली तर शरीराची प्रतिकारयंत्रणाच केसांवर उठलेली असते, आणि त्यासाठी बॅरिसिटिनिबसारखी औषधं 2022पासून मान्यता पावली आहेत; महाग, आणि देखरेखीखालीच घ्यायची. याहून निकडीचा प्रकार म्हणजे व्रण ठेवून जाणारी गळती. त्यात सुजेने मूळच जळतं आणि तिथे पुन्हा केस येत नाही. टाळूवर आग, दुखणं, पू, खपल्या, किंवा छिद्रंच दिसेनाशी झालेली चकचकीत कातडी आढळली, अथवा लहान मुलाच्या डोक्यावर नायट्यासारखा खवलेदार चट्टा उठून केस तुटू लागले, तर एकही बाटली उघडून पाहण्याइतका वेळ हाती नसतो. त्वचारोगतज्ज्ञाकडे त्याच आठवड्यात जावं, आणि जाताना आदल्या चार महिन्यांतली आजारपणं आणि घेतलेली औषधं लिहून न्यावीत.