नाना पेठेतून कोंढव्याला आलेली गाणी

आमच्या घरातला गाण्यांचा संग्रह म्हणजे पत्र्याच्या दोन ट्रंका. एकीत कॅसेटी, दुसरीत तबकड्या. अब्बांच्या इंतकालानंतर नाना पेठेतलं जुनं घर सोडायचं ठरलं, तेव्हा भांडी-कुंडी, गाद्या, कपाटं यांचा निकाल दोन दिवसांत लागला. या दोन ट्रंकांचा मात्र महिनाभर लागेना. कोंढव्यातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये त्या ठेवायच्या कुठे, हा पहिला प्रश्न. ठेवायच्या का, हा दुसरा. तो घरातल्या तरुण पिढीने विचारला.

अब्बा लेथवर काम करायचे. गाण्याचं शिक्षण काही नाही. पण रविवारी सकाळी जुन्या बाजारात फेरी मारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. तिथे जुन्या कुलपांच्या, स्क्रू-पान्यांच्या ढिगात तबकड्या पडलेल्या असत. घरी वाजवायला यंत्र नसतानाच त्यांनी सात-आठ तबकड्या आणून ठेवल्या होत्या. अम्मी म्हणायची, "घोडा नाही आणि लगाम कशाला?" घोडा चार वर्षांनी आला, तोही जुन्या बाजारातूनच.

त्या तबकड्यांत सगळ्यात मान अब्दुल करीम खाँसाहेबांचा. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची, आणि तेवढ्यात ते एक अख्खा राग उभा करतात. खाँसाहेब मूळचे उत्तरेतल्या कैरान्याचे, जन्म 1872 चा. पण त्यांचं आयुष्य घडलं ते महाराष्ट्रात. 1913 च्या सुमारास त्यांनी आपल्या पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालवलं. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व. त्यांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशींनी 1953 पासून जो महोत्सव सुरू केला, तो आज पुण्याची ओळख झाला आहे. हिराबाई बडोदेकर ह्या खाँसाहेबांच्या कन्या, हेही आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. 1937 साली प्रवासात असताना दक्षिणेतल्या एका लहानशा स्टेशनावर त्यांचा इंतकाल झाला. शेवटची वेळ आली हे ओळखून फलाटावरच त्यांनी नमाज अदा केली, असं सांगतात. मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. उरुसात तिथे गवई हजेरी लावतात.

या खाँसाहेबांनी खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकातलं 'चंद्रिका ही जणू' हे पदही गायलं आहे. ती तबकडी आमच्याकडे आहे. चरे पडलेत, पण वाजते. घरात कुणी पाहुणा "तुम्ही मुसलमान असून मराठी इतकं चांगलं कसं बोलता?" असं विचारून गेला, की अब्बा काही न बोलता रात्री हीच तबकडी लावायचे. त्यात रागही होता आणि गंमतही.

कॅसेटींच्या ट्रंकेत मोहम्मद रफी सर्वांत जास्त. हिंदी गाणी तर कुणाच्याही घरी असतील. आमच्यात भांडण लागायचं ते त्यांच्या मराठी गाण्यांवरून. श्रीकांत ठाकरे यांनी चाली बांधलेली ती गाणी ऐकताना रफीसाहेबांचा 'ळ' नीट लागतो की नाही, यावर आम्हा भावंडांत दोन तट होते. आमचं मत विचाराल तर 'ळ' जरा मऊ लागतो, आणि तसाच तो छान वाटतो. 31 जुलै 1980 ला, रमजानच्या महिन्यात, ते गेले. त्या महिन्यात आमच्याकडे गाणं बंद असायचं. टेपरेकॉर्डरवर चांद दिसल्यापासून अम्मीची जुनी ओढणी पांघरलेली असे, ती ईदच्या दिवशी निघे. त्या वर्षीही अब्बांनी ओढणी काढली नाही. ईदनंतर मात्र आठवडाभर दुसरं काही वाजलं नाही.

बाकी कव्वालीच्या कॅसेटी आहेत. इस्माईल आझाद, अझीझ नाझां, शकीला बानो भोपाली. त्यांच्याबद्दल काय सांगावं, लग्नाच्या मांडवात लाऊडस्पीकरवरून सगळ्या मोहल्ल्याने ऐकलेल्याच आहेत त्या.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. आमच्यातल्या थोरल्याचा मुलगा नमाजी, अभ्यासू, स्वभावाने अगदी गोड. ट्रंका उतरवायला तोच आला होता. उतरवून झाल्यावर हळूच म्हणाला, "चाचा, अब्बाजान गेले, त्यांच्यासाठी दुआ करायची. हे वाजवून त्यांना काय पोहोचणार?"

त्याच्यावर कुणी चिडलं नाही. संगीताबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत, आणि ते आजचे नाहीत. दफ सोडून इतर वाद्यं नकोत असं मानणारे आहेत. तर इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये समावर स्वतंत्र प्रकरण लिहून काही शर्तींवर त्याला जागा दिली, आणि चिश्ती बुजुर्गांच्या खानकाहांत समा होत राहिला. आमच्या अब्बांना यातलं किती माहीत होतं, सांगता येत नाही. अजान झाली की ते बटन दाबायचे आणि उठायचे. मुलाला आम्ही एवढंच म्हटलं, "बेटा, तू ऐकू नकोस. पण फेकण्याआधी काय आहे ते बघू तरी."

बघताना खालच्या थरात एक साठ मिनिटांची साधी कॅसेट निघाली. वर अब्बांच्या हातचं लिहिलेलं: 'अम्मा, 1986'.

आमची दादी श्रीगोंद्याची, म्हणजे शेख महंमदांच्या गावची. लिहिता-वाचता येत नव्हतं. पण जात्यावर म्हणायच्या ओव्या तिला शेकड्याने पाठ. पुण्यात आल्यावर जातं सुटलं, ओव्या सुटल्या नाहीत. भाकरी थापताना म्हणायची. भावाची वाट, सासूचा बोल, पंढरीचा रस्ता आणि पिराचा उरूस हे सगळं एकाच सुरात यायचं. त्यात वेगळं काही आहे असं तिला कधी वाटलं नाही.

शाहीर अमर शेख यांच्याबद्दल वाचताना दादी आठवते. बार्शीचे अमर शेख, संयुक्त महाराष्ट्राच्या सभा ज्यांच्या आवाजाने दणाणून गेल्या, त्यांची आई मुनेरबी. लोकगीतांची गोडी त्यांना तिच्याकडून लागली. अशा मुनेरबी गावोगाव होत्या. पुण्यातल्याच हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आज त्या 'पारी'च्या संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतात. खाँसाहेब आणि रफीसाहेब तर मोबाईलवर केव्हाही सापडतील. दादी मात्र त्या एका कॅसेटीशिवाय कुठेच नाही.

आणि ती वाजेना. पुण्याच्या पावसाळ्यांनी फितीवर पांढरी बुरशी धरली होती, आतला छोटा नमद्याचा तुकडा गळून पडला होता. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत एक वयस्क कारागीर अजून हे काम करतात. त्यांनी जुनं कवच उघडून फीत साफ केली, स्क्रूच्या नव्या कवचात बसवली, आधी एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवली आणि मगच वाजवून संगणकावर उतरवून दिली. ते म्हणाले, "अडकली तर जोर लावून वाजवू नका. लोक घरी ओढतात आणि मग माझ्याकडे तुकडे आणतात." ज्यांच्या घरी अशा कॅसेटी असतील, त्यांनी त्या उभ्या ठेवाव्यात, कोरड्या जागी आणि स्पीकरच्या लोहचुंबकापासून दूर.

एकूण अकरा मिनिटं निघाली. मागे स्टोव्हची घरघर, मध्येच अब्बांचं "अम्मा, जरा जोरात" आणि तिचं "माझं बाई काय ऐकायचं". शेवटी अजान ऐकू येते आणि ती ओवी अर्ध्यावर सोडते.

तबकड्या आमच्यातल्या धाकटीने नेल्या, रफीसाहेब मधल्याकडे आहेत. कव्वाल्यांचं अजून ठरलेलं नाही. दादीची प्रत सगळ्यांच्या मोबाईलवर गेली. "यात वाद्य नाहीच," असं म्हणत थोरल्याच्या मुलानेही ती घेतली. सध्या तो आणि फुफी मिळून ओव्या वहीत उतरवत आहेत. बावीस झाल्या. तेविसाव्या ओवीतला एक शब्द कुणालाच लागत नाही. फुफीचं म्हणणं, श्रीगोंद्याला एक म्हातारी खाला अजून हयात आहे, तिला तो येईल. बकरी ईद झाली की दोघं वही घेऊन तिकडे जाणार आहेत.