पुस्तक कुठे मिटता, ते पाहा

‘तुम्हाला काय वाचायला आवडतं?’ या प्रश्नाला मराठी वाचकाची उत्तरं बहुधा तयार असतात. ‘स्वामी’, ‘मृत्युंजय’, ‘ययाती’, पु. ल., जी. ए. ही उत्तरं खोटी नसतात, पण त्यातली बरीच वारशानं आलेली असतात. घरात जी पुस्तकं होती, शाळेत ज्यांचे धडे होते, ज्यांचं नाव घेतलं की चार लोकांत बरं दिसतं, त्यांची ती यादी असते. ग्रंथालयात देवघेवीच्या खिडकीमागे बसणाऱ्या माणसापाशी मात्र दुसरी यादी असते. जाडजूड चरित्रं मोठ्या हौसेनं नेऊन तिसऱ्या दिवशी कोण परत करतं, रहस्यकथांच्या कपाटापलीकडे कोण कधी सरकत नाही, एकच आत्मचरित्र वर्षाआड कोण पुन्हा नेतं, हे सगळं त्याला ठाऊक असतं.

आपण कोणत्या प्रकारचे वाचक आहोत, हे या दुसऱ्या यादीतून कळतं. आवडत्या पुस्तकांची नावं त्यासाठी फारशी उपयोगी पडत नाहीत. वाचताना कुठे रेंगाळतो, कुठे पानं भराभर उलटतो, कुठे पुस्तक मिटतो आणि कशाकडे पुन्हा पुन्हा वळतो, या चार खुणा जास्त खऱ्या असतात.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ घ्या. पुस्तकरूपानं ती 1955 साली आली. अंगानं लहान, भाषा साधी. औंध संस्थानातला एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर एकशिक्षकी शाळा चालवायला जातो. पोरं शाळेत येत नाहीत, म्हातारा कारभारी हळूहळू त्याच्या बाजूला वळतो, गावाच्या मेहनतीनं तालीम उभी राहते आणि शेवटी दुष्काळ पडून वाडी ओस पडते. एवढीच गोष्ट, पण तीन वाचकांच्या हाती ती तीन तऱ्हेची होते.

एकाला माणदेशाचा माळ दिसतो. मेंढरांचे कळप, उन्हात रखरखणारी वाट, संध्याकाळची धूळ. असा वाचक वर्णनाच्या परिच्छेदाशी थांबतो, तो परत वाचतो. पुढे काय घडतं याची त्याला घाई नसते. दुसऱ्याचा जीव माणसांत अडकतो. कारभारी रुसला की त्याला रुखरुख लागते, आनंदा रामोशाचं पुढे काय होणार म्हणून तो रात्री जागतो, आणि माळाचं वर्णन आलं की त्याची नजर आपोआप पुढच्या संवादावर उडी मारते. तिसऱ्याच्या मनात भलतेच प्रश्न येतात. या संस्थानात अशा किती शाळा होत्या? गावात तालमीचं एवढं अप्रूप का? तो पुस्तक बाजूला ठेवून औंधचा इतिहास शोधायला लागतो. त्यातून त्याला तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचं सूर्यनमस्कारांचं वेड कळतं आणि गावांच्या हाती कारभार सोपवणारी औंधची 1939 सालची राज्यघटनाही सापडते. कादंबरी अर्धी राहते, पण दोन इतिहासाची पुस्तकं वाचून होतात.

या तिघांपैकी ‘खरा’ वाचक कोण, हा प्रश्न मला निरर्थक वाटतो. आपण त्यातले कोण, हा मात्र फार कामाचा प्रश्न आहे. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला कुणी भरभरून शिफारस करून निसर्गलेखनाचं पुस्तक दिलं, तर ते बिचारं कपाटात पडून राहतं आणि ‘माझ्याकडून हल्ली वाचनच होत नाही’ असा त्याचा समज होतो. वाचन होत असतं. ते पुस्तक त्याच्यासाठी नव्हतं, एवढंच.

लुईझ रोझेनब्लॅट या अमेरिकी प्राध्यापिकेनं वाचनाच्या या फरकावर आयुष्यभर विचार केला. 1978 साली आलेल्या पुस्तकात तिनं वाचनाचे दोन पवित्रे सांगितले. एका पवित्र्यात लक्ष असतं वाचून झाल्यावर हाती काय उरणार याकडे. तिचं उदाहरण विसरता येत नाही: मुलानं विषारी द्रव प्यायलाय आणि आई बाटलीवरचं लेबल वाचते आहे. त्या आईला शब्दांच्या नादाशी, शैलीशी काही देणंघेणं नाही. उतारा काय, एवढंच तिला हवं आहे. दुसऱ्या पवित्र्यात लक्ष असतं वाचत असताना आपल्या आत काय घडतंय याकडे. कविता अशी वाचायची असते. रोझेनब्लॅटचा महत्त्वाचा मुद्दा पुढचाच आहे. हे पवित्रे मजकुराला चिकटलेले नसतात, वाचणारा ते घेतो. एकच मजकूर दोन्ही तऱ्हांनी वाचता येतो आणि बरंचसं वाचन या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी चालतं.

आपल्या शाळांनी या बाबतीत मोठं नुकसान केलं आहे, असं मी स्पष्टच म्हणेन. कविता शिकवली की खाली प्रश्न येतात: कवीला काय सांगायचं आहे, मध्यवर्ती कल्पना कोणती, समानार्थी शब्द लिहा. म्हणजे कविताही बाटलीवरच्या लेबलासारखी वाचायची. दहा वर्षं हेच केलेला माणूस मोठेपणी कादंबरी हाती घेतो तेव्हा ‘यातून घ्यायचं काय?’ हा प्रश्न त्याची पाठ सोडत नाही. चरित्रं, यशकथा, व्यक्तिमत्त्व विकासाची पुस्तकं वाचून तो समाधानी असेल तर ठीकच आहे. पण आपण जन्मतःच माहिती गोळा करणारे वाचक आहोत, की तशी सवय लागली, हे त्यानं एकदा तपासून पाहावं. एखादी लहान कथा काहीही मिळवायचं नाही असं ठरवून वाचली, तरी अंदाज येतो.

काही फरक सवयीच्याही खालचे असतात. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं 1880 साली लोकांना एक साधा प्रश्न विचारला: सकाळचं न्याहारीचं टेबल मनासमोर आणा, ते किती स्पष्ट दिसतं? काहींना ते रंगांसकट लख्ख दिसलं. काहींना काहीच दिसलं नाही, आणि मनात चित्र दिसतं हे बोलणं खरं असेल असंही त्यांना वाटलं नव्हतं. मनात चित्रच न उमटण्याच्या या अवस्थेला 2015 साली ब्रिटनमधले मेंदूतज्ज्ञ अ‍ॅडम झेमन यांनी ‘अफँटेशिया’ असं नाव दिलं. हा आजार नव्हे. अशी माणसं आवडीनं वाचतात, काही तर लिहितातही. पण वर्णनं आली की पानं उलटणारा वाचक स्वतःला आळशी समजत असेल, तर त्यानं डोळे मिटून आपल्या शाळेचं फाटक आठवून पाहावं. फाटक दिसत नसेल, तर माळरान तरी कसं दिसणार? अशा वाचकाला संवाद, विचार, युक्तिवाद यांत कदाचित अधिक रस सापडेल. इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’सारखं पुस्तक तो एका दमात संपवेल.

कानानं वाचणारे लोक तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. चातुर्मासात एकानं पोथी वाचायची आणि घरानं, आळीनं ऐकायची, हे महाराष्ट्रात कित्येक घरांत वाचनाचं मुख्य रूप होतं. ‘हरिविजय’ आणि ‘पांडवप्रताप’ घरोघरी पोहोचले ते असेच. पुढे शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि स्वतः माडगूळकर यांनी कथाकथनाचे कार्यक्रम गावोगाव केले. छापील कथा हाती न धरणारी माणसंही तिथे तासन्‌तास बसायची. आज त्यांचीच नातवंडं लोकलमध्ये कानात इअरफोन घालून ऑडिओबुक ऐकतात आणि ‘हे काही खरं वाचन नाही’ असं म्हणून ओशाळतात. ओशाळण्याचं काही कारण नाही. छापील पानावरही असा वाचक सहज ओळखता येतो: चांगलं वाक्य आलं की त्याचे ओठ हलतात.

वेगाबद्दलचा न्यूनगंडही असाच काढून टाकायला हवा. वाचताना डोळे ओळीवरून सरकत नाहीत, उड्या मारतात. प्रत्येक थांबा साधारण पाव सेकंदाचा असतो, आणि सराईत वाचकाचे डोळेही अधूनमधून मागे जातात. ते मागे जाणं समजून घेण्याचा भाग असतं. मिनिटाला हजार शब्द वाचायला शिकवणाऱ्या वर्गांचे दावे कीथ रेनर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2016 साली प्रसिद्ध झालेल्या लेखात तपासले. वेग फार वाढवला की समज कमी होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. सावकाश वाचणं हा दोष नाही.

‘तुम्ही दृश्य प्रकारचे की श्राव्य प्रकारचे?’ अशा चाचण्या हल्ली मोबाईलवर फिरतात. त्यांवर फार विसंबू नका. माणसाची शिकण्याची शैली ओळखून त्याप्रमाणे शिकवलं की तो जास्त शिकतो, या समजुतीला पुरेसा पुरावा नाही, असं मानसशास्त्रज्ञांच्या एका गटानं 2008 सालीच दाखवून दिलं आहे. आपल्या वाचनाचा कल ओळखणं वेगळं आणि स्वतःच्या कपाळावर शिक्का मारणं वेगळं. कल वयाबरोबर, कामाबरोबर, दुःखाबरोबरही बदलतो. चाळिशीपर्यंत कवितेकडे न फिरकलेली माणसं आईवडील गेल्यावर कविता वाचू लागलेली मी पाहिली आहेत.

पण कल कळायचा तर पुस्तक अर्धवट सोडता आलं पाहिजे, आणि नेमकं तेच आपल्याला जमत नाही. पुस्तकाला पाय लागला तर आपण नमस्कार करतो. दसऱ्याला पुस्तकांची पूजा करतो. हा आदर सुंदर आहे, पण त्यामुळे पुस्तक सोडणं म्हणजे ताटात अन्न टाकण्याइतकं पाप वाटतं. परिणामी न आवडलेलं पुस्तक उशाशी महिनोन्‌महिने राहतं, आणि ते संपलं नाही म्हणून दुसरं सुरू होत नाही. फ्रान्समधले शिक्षक आणि कादंबरीकार दानिएल पेनाक यांनी 1992 साली वाचकाचे दहा हक्क लिहून काढले. पानं गाळण्याचा हक्क त्यात आहे, पुस्तक पुरं न करण्याचा आहे, पुन्हा वाचण्याचा आहे. पहिलाच हक्क आहे न वाचण्याचा. वर्गातल्या कंटाळलेल्या मुलांना मोठ्यानं गोष्टी वाचून दाखवणाऱ्या माणसानं ते लिहिलं आहे.

सोडायची मोकळीक विकत घेतलेल्या पुस्तकापेक्षा आणलेल्या पुस्तकात जास्त मिळते. चारशे रुपये मोजले की माणूस रेटून वाचतो. म्हणून या शोधाची खरी जागा ग्रंथालय. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, हे त्यातले दोन. मला यातला दुसरा जास्त आवडतो. कपाटात धूळ खात पडलेलं पुस्तकही कुणाची तरी वाट पाहतं आहे, हे गृहीत धरून ग्रंथालय मांडायचं, हा विचार फार माणुसकीचा आहे. रंगनाथन यांचा आग्रह होता की वाचकाला थेट कपाटांपर्यंत जाऊ द्यावं. आपल्याकडे अजूनही कित्येक ठिकाणी चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचं आणि आतून पुस्तक यायची वाट बघायची, अशी पद्धत आहे. नाव आधीच ठाऊक असलेलं पुस्तकच त्या पद्धतीत मिळतं. आपल्याला ठाऊक नसलेलं, आपलंच असलेलं पुस्तक मिळायचं तर कपाटासमोर उभं राहावं लागतं. ठाणे, मुंबई, पुणे इथल्या शतकोत्तर ग्रंथसंग्रहालयांपासून गावोगावच्या लहान वाचनालयांपर्यंत साऱ्यांनी ही कपाटं खुली करावीत. पुस्तकं हरवतील ही भीती खरी आहे, पण वाचक हरवणं जास्त महागात पडतं.

आणखी एक साधन मराठी वाचकाच्या घरातच असतं: दिवाळी अंक. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही चाल आहे. एका अंकात कथा, कविता, परिसंवाद, प्रवासवर्णन, व्यक्तिचित्र, व्यंगचित्रं आणि राशिभविष्य एकत्र येतात. इतक्या तऱ्हा एकाच वेळी समोर ठेवणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही. अंक हाती आल्यावर अनुक्रमणिकेत बोट आधी कुठे जातं? कोणती पानं भाऊबीजेपर्यंत संपतात आणि कोणती संक्रांत आली तरी कोरी राहतात? परिसंवाद आधी वाचणारा आणि व्यक्तिचित्र आधी वाचणारा, हे दोन वेगळे वाचक आहेत. एकाला वाद हवा असतो, दुसऱ्याला माणूस.

तेव्हा यंदा एक करा. अंक वाचताना जवळ पेन्सिल ठेवा. जे पहिल्यांदा उघडलं त्यावर एक खूण, जिथे सोडून दिलं तिथे दुसरी, आणि जे परत वाचलं त्यावर तिसरी. अंक रद्दीत देण्याआधी त्या खुणा एकदा सलग बघा आणि त्यांवरून पुढच्या वर्षीची दोन पुस्तकं निवडा. घरात शाळेत जाणारं मूल असेल तर त्याच्याही हाती एक पेन्सिल द्या, आणि त्यानं एखादं पुस्तक मध्येच मिटलं तर ते पुरं कर म्हणून त्याच्या मागे लागू नका.