दोन बोटांमधली फट

पहिलं बोट आणि मधलं बोट एकमेकांजवळ आणा. चिकटवू नका, केस जाईल एवढीच फट ठेवा. आता एक डोळा मिटा, ती फट दुसऱ्या डोळ्याच्या अगदी जवळ धरा आणि ट्यूबलाइटकडे बघा. हळूहळू बोटं जवळ आणत चला. फटीत बारीक काळ्या उभ्या रेघा दिसतायत ना? माझ्या नातीला त्या पहिल्यांदा दिसल्या तेव्हा तिने बोटं फ्रॉकला खसाखसा पुसून पुन्हा बघितलं. रेघा तिथेच!

त्या बोटांवरच्या नाहीत, बाळांनो. त्या उजेडाच्या आहेत.

या रेघांची गोष्ट इटलीतल्या बोलोन्याची. तिथे ग्रिमाल्डी नावाचे एक जेझुइट पाद्री होते. त्यांनी अंधाऱ्या खोलीत सुईएवढ्या भोकातून उन्हाची तिरीप घेतली आणि वाटेत एक बारीक काडी धरली. सावली पडली, पण हिशेबाने असायला हवी त्याहून रुंद, आणि कडांना रंगीत पट्टे! प्रकाश सरळच जातो असं सगळे मानत होते, आणि इथे तो कडेपाशी फाकत होता. ग्रिमाल्डींनीच या फाकण्याला नाव दिलं, आपण त्याला विवर्तन म्हणतो. त्यांचं पुस्तक १६६५ साली निघालं, तेव्हा त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

आता गंमत ऐका. गर्दीला अरुंद दारातून सोडलं तर ओळ बारीक होते. उजेडाचं उलटं. ०.१ मिलिमीटर रुंदीच्या फटीतून लाल लेसर सोडला, तर दोन मीटरवरच्या भिंतीवर मधला पट्टा सुमारे अडीच सेंटिमीटर रुंद पडतो. फट निम्मी करा, पट्टा दुप्पट! त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जागा, मग फिकट पट्टा, पुन्हा काळी जागा.

उजेड आहे, तरी काळं का? कारण प्रकाश लाटांसारखा चालतो. फटीच्या वरच्या अर्ध्या भागातून निघालेली लाट आणि खालच्या अर्ध्यातली तिची जोडीदारीण काही ठिकाणी अशा पोचतात, की एकीचा चढ तिथे दुसरीचा उतार. दोघींची बेरीज शून्य. उजेडात उजेड मिळवून अंधार!

मग दारातून येताना उजेड का फाकत नाही? फाकतो, पण कळत नाही. प्रकाशाची लाट मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढी, तिच्यापुढे दार म्हणजे मैदानच. आवाजाची लाट मात्र हात-दोन हात लांब असते. म्हणून स्वयंपाकघरातली आजी दिसत नाही, पण तिची हाक दार वळून येते. (भिंतींवर आपटूनही येते म्हणा. आजीची हाक आहे ती.)

प्रकाश लाटांसारखा चालतो, हे पटायला लोकांना फार वेळ लागला. प्रकाश म्हणजे बारीक कण, असं न्यूटनचं मत, आणि न्यूटनसमोर बोलणार कोण? १८१७ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीने विवर्तनावर स्पर्धा ठेवली. फ्रेनेल नावाच्या रस्ते बांधणाऱ्या तरुण इंजिनिअरने लाटांचं गणित मांडलं. परीक्षकांत पॉयसाँ होते, गणितात पक्के आणि कणांच्या बाजूचे. त्यांनी फ्रेनेलचंच गणित पुढे नेलं आणि म्हटलं, हे खरं असेल तर गोल चकतीच्या सावलीच्या बरोबर मध्यावर उजेडाचा ठिपका पडायला हवा. छे, भलतंच! दुसरे परीक्षक आरागो यांनी वाद घातला नाही. चकती लावली, उजेड सोडला आणि बघितलं. काळ्या सावलीच्या मधोमध ठिपका लुकलुकत होता. कडेच्या चहूबाजूंनी वळलेल्या लाटांना मध्यापर्यंत सारखंच अंतर पडतं, म्हणून तिथे सगळ्यांचे चढ एकदम येतात.

बक्षीस फ्रेनेलला मिळालं. माझ्या मते निम्मं श्रेय पॉयसाँचं, कारण खोडून काढायला निघालेल्यानेच इतका नेमका पुरावा सांगितला.

आज रात्री छत्री उघडा आणि तिच्या कापडातून रस्त्यावरच्या लांबच्या दिव्याकडे बघा. कापडाच्या विणीत हजारो फटी असतात, दिव्याभोवती ठिपक्यांची फुली दिसेल. सूर्याकडे किंवा लेसरकडे मात्र असं कधीही बघायचं नाही, फटीतूनसुद्धा नाही.