‘हे तर कुणालाही सुचलं असतं!’
लेखमाला : शोधाचा हक्क – भाग ६

मागच्या भागात पेटंट अर्जाची तपासणी कशी होते ते पाहिलं. आता नकार हाती पडल्यावर काय करायचं, ते पाहू.

मानोरा तालुक्यातल्या इंझोरीचंच उदाहरण घेऊ. वाशीम जिल्हा सोयाबीनचा. तेल काढून उरलेल्या ढेपेत जवळपास निम्मी प्रथिनं असतात. समजा, गावातल्या एका तरुणानं त्यांचा फेस वाळवून थर्माकोलऐवजी चालेल अशी हलकी पाटी बनवली. पेटंट कंट्रोलरनं त्याचा अर्ज फेटाळला. कारण दिलं : सोयाप्रथिनांचा फेस जुना, स्टार्चची वाळलेली पाटीही जुनी, दोन्ही जोडणं कुणाही जाणकाराला सुचलं असतं.

फेस जुना आहे, हे खरंच. पर्सी ज्युलियन यांनी ग्लिडन कंपनीत वेगळ्या काढलेल्या सोयाप्रथिनापासून बनलेला ‘एरोफोम’ दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदल आगी विझवायला वापरत होतं. त्यामुळे ‘माझा फेसच नवा’ असा हट्ट अपिलात टिकणार नाही. मुद्दा हा की, फेसाचा आणि पाटीचा, हे दोन जुने कागद एकत्र आणायचं जाणकाराला कारण काय होतं?

इथं बारकाईनं वाचावं लागतं. आगीवरच्या फेसासाठी प्रथिनांच्या साखळ्या मुद्दाम तोडतात. तो ओला राहून पसरायला हवा. वाळलेल्या पाटीला ताकद हवी, तर साखळ्या लांब राहून एकमेकींत गुंतायला हव्यात. म्हणजे जुना कागद जाणकाराला उलट्या वाटेला नेतो. उत्तर माहीत झाल्यावर मागं वळून ‘सोपं होतं’ म्हणणं, ही पश्चातबुद्धी झाली.

पेटंट कायद्याच्या कलम २(१)(जेए)नुसार शोधात तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व हवं, शिवाय तो जाणकाराला उघड नसावा. विश्वनाथ प्रसाद खटल्यात (१९७८) सर्वोच्च न्यायालयानं बजावलं, की नुसती कारखान्यातली सुधारणा पुरत नाही. दुसऱ्या बाजूला, ‘ॲग्रीबोर्ड’ प्रकरणात (२०२२) दिल्ली उच्च न्यायालयानं कंट्रोलरलाही शिस्त लावली : जुनं ज्ञान काय, अर्जातला शोध काय आणि तो जाणकाराला उघड कसा, या तिन्हींचा विचार आदेशात दिसला पाहिजे. नुसता निष्कर्ष चालत नाही.

पुरावाही नेमका हवा. तुलना थर्माकोलशी नको, सर्वांत जवळच्या जुन्या पाटीशी करा; घनता, ओलावा, वजन तेच ठेवून. चाचण्या फक्त सोयाच्या आणि दावा ‘कोणत्याही प्रथिनाचा’, असं असेल तर तिथंच पकडले जाल. कलम ५९ दावा आकसू देतं, फुगवू देत नाही.

अपिलाला आदेशापासून तीन महिने मिळतात. बौद्धिक संपदा अपील मंडळ २०२१ मध्ये बंद झाल्यापासून अपील थेट उच्च न्यायालयात जातं. मुंबई कार्यालयाचा आदेश असेल तर मुंबई उच्च न्यायालयात.

पुढच्या आठवड्यात : दावा छाटताना काय सोडायचं, काय धरायचं.